टाचणीमावशीचं माप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठाच्या बरोबर मध्यभागी बसलेले, कारण ते कुठेही मध्यभागीच बसतात, असे आपले ज्येष्ठ दिग्दर्शक आणि आजचे प्रमुख पाहुणे, त्यांच्या शेजारी या रंगमंचावर पहिल्यांदाच खुर्ची मिळालेली आपली सत्कारमूर्ती, विंगेत उभं राहून ऐकणारे आमचे सगळे तंत्रज्ञ, आणि समोर बसलेल्या रसिक स्त्रीपुरुषहो, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षांत या रंगमंचावर स्वगतासाठीसुद्धा मला कोणी इतका वेळ दिला नव्हता, तेव्हा त्यातला एक सेकंदही मी परत करणार नाही. त्यांनी पाठवलेल्या चिठ्ठीत खाली एक बारीक सूचना आहे, तीही वाचून दाखवते. ‘सभागृहात कुटुंबं आहेत, विषय सांभाळून.’ अध्यक्ष महोदय, कुटुंबं कशी होतात हे इथल्या बहुतेकांना माहीत असावं. तरीही मी प्रयत्न करीन.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘प्रकृतीच्या कारणास्तव सेवानिवृत्ती’. प्रकृती हा आपल्याकडे फार सोयीचा शब्द आहे. पुरुषाला हार्ट अटॅक येतो, पुरुषाला हर्निया होतो, पुरुषाचा गुडघा जातो. बाईची मात्र प्रकृती बिघडते. कुठली प्रकृती, कुठे बिघडली, कधीपासून, हे विचारायचं नसतं. आज मी ते सांगणार आहे. घाबरू नका, सत्कारमूर्तीची परवानगी घेतली आहे. ती कशी मिळाली, तेही पुढे येईल.

त्याच पत्रिकेवर तिचं संपूर्ण नाव आहे. ते वाचून आमच्याच कंपनीतल्या दोघांनी मला विचारलं, ‘या बाई कोण?’ दोष त्यांचा नाही. कपडेपटात ती टाचणीमावशी आहे. माप घेताना तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे ती ओठ न हलवता आणि मोजकं बोलते. मी सोळा वर्षांची असताना इथे आले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, म्हणजे मावशी होण्याच्या वयाचीच नव्हती. पण एकदा नाव पडलं की पडलं. मी पुढे सहा नाटकांत राणी झाले, म्हणून ती मला राणी म्हणते. मी तिला अगं-तुगं करते. आज समारंभ आहे म्हणून अहो-जाहो केलं, तर तिला वाटेल मला ताप आलाय.

तर, सोळाव्या वर्षाची गोष्ट.

एका मोठ्या ऐतिहासिक नाटकात आम्ही सहा मुली दासी होतो. पांढरे शुभ्र घेरदार झगे, हातात तबक, आणि संवाद एकही नाही. दुपारची रंगीत तालीम चालू होती. मला त्या वेळी पाळीचा आठवा दिवस होता. अध्यक्ष महोदय, शब्द आला. आता येतच राहील, तेव्हा सवय करून घेऊ. आठवा दिवस, तरी थांबायचं नाव नव्हतं. दुसऱ्या नाचात आम्ही गिरकी घेतली आणि प्रेक्षागृहातून आपल्या प्रमुख पाहुण्यांचा, म्हणजे त्या काळच्या तरुण आणि अतिशय मोठ्या आवाजाच्या दिग्दर्शकांचा आवाज आला. ‘ती मागची मुलगी कोण? तिच्या कपड्याला काय लागलंय?’

तालीम थांबली. तीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मी हातातलं तबक मागे धरलं. तेवढ्यात विंगेतून मावशी रंगमंचावर आली, तोंडात टाचण्या तशाच. म्हणाली, ‘माझ्या हातून रंग सांडला, साहेब. दहा मिनिटं द्या.’ साहेबांनी दहा मिनिटं तिच्यावर ओरडण्यात घालवली. तिने ती उभ्याने ऐकून घेतली आणि मला दंडाला धरून कपडेपटात नेलं. ट्रंकांच्या मागे उभं करून मला कपडे बदलायला दिले आणि दुसरीकडे तोंड करून विचारलं, ‘कितवा दिवस?’

‘आठवा.’

‘दर वेळी असंच?’

‘नाही. कधी दोन-दोन महिने येतच नाही. आली की अशी.’

‘आईला माहीत आहे?’

‘आई म्हणते, लग्न झालं की सगळं ठीक होतं.’

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. ‘लग्न म्हणजे काय गोळी आहे का, सकाळ-संध्याकाळ घ्यायची?’ मग जरा मऊ आवाजात म्हणाली, ‘सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी लहरीच असते. आतलं घड्याळ लागायला वेळ लागतो. पण आठ दिवस असं वाहत राहणं बरं नाही. डॉक्टरला दाखव. आईला म्हणावं, मावशीने सांगितलंय.’

आईने विचारलं, कोण मावशी. ते असो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, गाडी रुळावर आली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाला आलो तेव्हा सहाही झगे गडद लाल झाले होते. मावशीने रात्रीतून नाही, सकाळपासून दुपारपर्यंत बसून रंगवले होते, कोपरापर्यंत हात लाल. साहेबांना सांगितलं, ‘पांढऱ्यातून दिव्यात अंग दिसतं.’ साहेबांना पटलं. आणि आठवड्याभराने वर्तमानपत्रात परीक्षण आलं, की दासींना रक्तवर्ण देऊन दिग्दर्शकाने येऊ घातलेल्या बंडाची चाहूल सूचकपणे दिली आहे. साहेबांनी ते कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलंय, अजून आहे. साहेब, छत्तीस वर्षांनी सांगते, ती चाहूल माझी होती.

टाळ्या नंतर वाजवा, वेळ माझ्याच पंधरा मिनिटांतला जातोय.

कपडेपटातल्या मापांच्या वहीत प्रत्येक नटाचं, नटीचं एक पान असतं. दर सहा महिन्यांनी मावशी माप घेते आणि त्या पानावर लिहिते. माणूस खोटं बोलतं, टेप बोलत नाही, असं तिचं म्हणणं. मी पंचविशीत असताना ती माझी कंबर मोजत होती. टेप पाहिली, पान पाहिलं, पुन्हा टेप लावली.

‘अडीच इंच,’ ती म्हणाली.

‘खाणं कमी करते. साहेबांनीही सांगितलंय.’

‘साहेबांनी सांगितलंय,’ मावशी म्हणाली, ‘म्हणजे साहेब आता आतूनही दिग्दर्शन करायला लागले.’ तिने माझं मनगट मोजलं. होतं तेवढंच. मग हनुवटीला धरून माझा चेहरा खिडकीकडे वळवला. ‘हे केस?’

रोज सकाळी मी ते चिमट्याने उपटत होते. नवऱ्याला माहीत नव्हतं, मेकअप करणाऱ्या बाईला माहीत होतं आणि ती कुणाला सांगणार नाही अशी माझी समजूत होती.

‘पाळी?’

‘चार महिने नाही. पण दिवस गेलेले नाहीत. तपासलं दोनदा.’

‘आणि हे तू कोणाला सांगितलंस? भिंतीला?’

आपल्या नाट्यगृहासमोर स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्यावर एक डॉक्टरबाई बसतात. मावशीने त्याच दुपारी मला जिना चढवला. डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी करून आणायला लावली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि समजावून सांगितलं, की याला पीसीओएस म्हणतात. अंडाशयाच्या हार्मोन्सचा मेळ बिघडतो, पाळी लांबते, वजन चढतं, नको तिथे केस येतात. पुष्कळ बायकांना असतं, आणि तो आळस नाही. साखर तपासत राहायची, चालायचं, जेवणाच्या वेळा धरायच्या, गोळ्या सांगितल्या तशा घ्यायच्या. मग मावशीकडे वळून म्हणाल्या, ‘तुम्ही नर्स आहात का?’

‘शिंपीण.’

‘मग कळलं कसं?’

‘फक्त खाऊन वाढली असती तर सगळीकडून वाढली असती,’ मावशी म्हणाली.

शिवणकाम करणाऱ्यांना माहीत असेल, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. कपडा घट्ट झाला तर शिवण उसवून माया मोकळी करायची. मावशीने माझ्या सगळ्या कपड्यांत दीड-दीड इंच माया ठेवली. म्हणाली, ‘वाढलीस तर सोडते, उतरलीस तर घेते. तू आरशात बघून रडू नकोस आणि डॉक्टरकडे जायचं चुकवू नकोस.’ मी चुकवलं नाही. वेळ लागला, बराच लागला. अडतिसाव्या वर्षी मला मुलगी झाली. ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आई आता काय सांगणार या भीतीने खाली बघते आहे. बाळा, तुझा नंबर शेवटी आहे.

आता या कहाणीतला नाट्यमय भाग.

चार वर्षांपूर्वी मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि सहाव्यांदा राणी होते. या राणीच्या अंगावर मखमलीचा पायघोळ झगा. खांद्यापासून टाचेपर्यंत दुहेरी अस्तर, कडेला जरीची जड पट्टी. वजन केलं होतं आम्ही, नऊ किलो. आणि त्याच सुमाराला माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या. हॉट फ्लश म्हणतात. बायकांना मी सांगायला नको. पुरुषांनी असं समजावं, की भर सभेत कोणीतरी तुमच्या बनियनच्या आत इस्त्री ठेवतं आणि तुम्हाला चेहऱ्यावर काही दाखवायची मुभा नसते.

तिसऱ्या अंकात राजा मरतो आणि मी त्याच्यावर ओणवी होऊन विलाप करते. एका प्रयोगात विलाप सुरू झाला, तशी वाफ आली. घाम कपाळावरून थेट राजाच्या तोंडावर. मेलेला राजा ओठ न हलवता म्हणाला, ‘राणी, नाकात पाणी जातंय.’ हसू नका, तो माणूस आज इथे बसलाय आणि त्याला त्या प्रसंगाचा अजून ठसका लागतो.

इथपर्यंत गंमत होती. पुढची नव्हती. मला झोप लागेना. पाळी कधी पंधरा दिवसांत यायची, कधी तीन महिन्यांनी, आणि आली की नळ तुटल्यासारखी. जिना चढले तर धाप लागायची. घरी मी कपबशी आपटायचे, तालमीत माणसांवर डाफरायचे. एकदा हातातला राजदंड फेकला. तो साहेबांना लागला नाही, याचं त्या वेळी मला वाईट वाटलं होतं. मी पिते, अशी कंपनीत कुजबुज सुरू झाली. आणि मग एका रविवारी, दुपारच्या प्रयोगात, भर दरबारात मी वाक्य विसरले. ते वाक्य मी शंभर वेळा म्हटलं होतं. प्रॉम्प्टरने एकदा दिलं, दोनदा दिलं, तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. मला ऐकू येत होतं, पण ते शब्द माझ्याजवळ थांबत नव्हते. शेवटी प्रधानाने माझं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं.

नटीची ही भीती इतरांना कळणार नाही. वजन वाढलं तर माया सोडता येते, डोक्यातलं निघून जायला लागलं तर काय सोडणार? माझ्या आत्याला म्हातारपणी स्वतःची मुलं ओळखू येत नव्हती. मला वाटलं, माझं अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच सुरू झालं. नवऱ्याला सांगितलं नाही. सोमवारी राजीनामा लिहिला आणि झगा परत करायला कपडेपटात गेले. मला आधीच कानावर आलं होतं, की पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारच्या बैठकीत माझी भूमिका दुसरीला द्यायचं ठरणार आहे आणि मला राजमाता करणार आहेत. राजमातेला दोन प्रवेश, आणि त्यातल्या एकात ती झोपलेली असते.

मावशीने राजीनामा वाचला. घडी घालून शिलाई मशिनच्या खणात टाकला. माझे डोळे खाली ओढून बघितले, नखं बघितली.

‘पाळी कशी आहे?’

सांगितलं.

‘झोप?’

सांगितलं.

‘राजीनामा नंतर दे,’ ती म्हणाली. ‘आधी रक्त दे.’

पुन्हा तोच जिना. हिमोग्लोबिन सात. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुम्ही उभ्या कशा राहता रंगमंचावर?’ सोनोग्राफी झाली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, वाईट काही निघालं नाही. मग त्यांनी सांगितलं, की पाळी कायमची जाण्याआधी काही वर्षं हार्मोन्स असे वरखाली होतात. वाफा, झोप उडणं, चिडचिड, शब्द न आठवणं, ही सगळी त्याचीच माणसं. वर इतकं रक्त गेल्यावर मेंदूने तरी काम कसं करावं. आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला वेड लागलेलं नाही.’

मी तिथे जी रडले, ती कुठल्या विलापात रडले नसेन. बाहेर बसलेल्या पेशंटनी मावशीला विचारलं, ‘काय निघालं?’ मावशी म्हणाली, ‘काही नाही निघालं, म्हणून रडतेय.’

लोहाची औषधं सुरू झाली, रक्तस्राव आटोक्यात आणला. सगळं तपासून, माझ्या घरात कोणाला काय आजार होते ते विचारून हार्मोन्सचे उपचार दिले. माझ्यासाठी ते योग्य होते; प्रत्येकीने आपापल्या डॉक्टरला विचारावं, माझी चिठ्ठी घेऊन दुकानात जाऊ नये.

पण मंगळवारची बैठक होतीच. मावशी तिथे न बोलावता गेली. मी नव्हते, प्रॉम्प्टरने मला शब्दन् शब्द सांगितला, तो त्याचा धंदाच आहे. मावशी आत गेली, ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीला टोचल्या आणि म्हणाली, ‘साहेब, गेल्या वर्षी तुमच्या गुडघ्यासाठी तालीम दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की साहेबांना आता आजोबांचं काम द्या. राणीला तीन महिने द्या. तोवर दुसरीला उभी करा, तिचं माप मी घेते. तीन महिन्यांनी राणी उभी राहिली नाही, तर झगा मी स्वतः दुसरीच्या मापाचा करीन.’

साहेब म्हणाले, ‘तिला झालंय तरी काय?’

‘पाळी जातेय,’ मावशी म्हणाली.

प्रॉम्प्टर सांगतो, त्या बैठकीतल्या सात पुरुषांनी एकाच वेळी पाण्याचे ग्लास उचलले.

तीन महिने मिळाले. साहेब, त्याबद्दल आज जाहीर आभार. त्या तीन महिन्यांत मावशीने झगा उसवला. समोरून मखमल तशीच, पाठीचं अस्तर काढून तिथे विरळ सुती जाळी. समोरून राणी, मागून मच्छरदाणी. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, एवढी एकच अट. त्याआधी तिने आणखी एक प्रयोग केला होता, तोही सांगायला हवा, कारण सत्कारमूर्तीचं फक्त कौतुक करणं बरं दिसत नाही. झग्याच्या आत कप्पे शिवून तिने त्यात बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. रंगीत तालमीला एक पिशवी फुटली. मी सिंहासनापाशी उभी, आणि माझ्या झग्याखालून पाण्याचा ओघळ शांतपणे राजाकडे निघाला. राजा आवेशात पुढे आला आणि घसरून प्रधानाच्या मांडीवर बसला. ती कल्पना त्या दिवशीच रद्द झाली. मी मात्र चौथ्या महिन्यात राणी म्हणून उभी राहिले, आणि ते वाक्य मी म्हटलं, आणि ते माझ्याजवळ थांबलं.

आता मावशीबद्दल. आतापर्यंत मी माझ्याबद्दलच बोलले, हे काहींच्या लक्षात आलं असेल. नटीला बोलायला बोलावलं की असं होतं.

गेल्या वर्षी मावशी एक तक्रार करायला लागली. कपडेपटात वरच्या दांडीवर ती हात उंचावून झगे अडकवायची. ती म्हणायला लागली, ‘दांडी कोणीतरी वर केलीय.’ सुताराला बोलावलं. सुताराने भिंतीतली भोकं दाखवली, पंचवीस वर्षं तीच आहेत. मावशीला पटलं नाही. ती स्टूल घेऊन चढायला लागली आणि सुताराशी बोलणं बंद केलं. मग एके दिवशी ट्रंक सरकवताना तिच्या पाठीत कळ आली. म्हणाली, लचक भरली. महिना झाला तरी लचक जाईना.

मी एका दुपारी तिच्या गळ्यातली टेप काढून घेतली.

‘उभी राहा.’

‘माझं माप कशाला? मी कुठे भूमिका करतेय?’

‘उभी राहा, मावशी. चपला काढ.’

तिच्या वहीचं पहिलं पान तिचंच आहे. इथे नोकरीला लागली तेव्हा तिच्या उस्तादांनी, म्हणजे इथल्या जुन्या शिंपीमास्तरांनी, शिकवायला म्हणून तिचंच माप घेतलं होतं. उंची पाच फूट दोन इंच. मी टेप लावली. दोनदा लावली. चार फूट अकराच्या जरा वर. अडीच इंच मावशी गेली होती, आणि दांडी होती तिथेच होती.

तिने टेपकडे बघितलं. टेप खोटं बोलत नाही असं तीच म्हणायची. ती स्टुलावर बसली. मी तिला तिचाच प्रश्न विचारला.

‘तुझी पाळी कधी गेली?’

बराच वेळ ती बॉबिनला दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘छत्तिसाव्या वर्षी.’

मी हिशेब केला. ती छत्तीसची, म्हणजे मी सत्तावीसची. ती मला दर दोन महिन्यांनी हाताला धरून जिना चढवत होती, माझी पाळी आली का म्हणून विचारत होती, आणि त्याच वर्षी तिची स्वतःची थांबली होती.

‘डॉक्टरबाईंना विचारलं नाहीस? त्यांच्या समोरच तर बसलेली असायचीस.’

‘पहिल्यांदा वाटलं, लांबली असेल. मग वाटलं, सुटले. कटकट गेली.’

‘आणि मूल?’

‘ते हवंच होतं,’ ती म्हणाली. ‘घरात सांगितलं नाही. सगळे वाट बघत राहिले. काही वर्षांनी वाट बघायचं सोडलं. मी त्यांच्या आधी सोडलं होतं, एवढाच फरक.’

‘इतक्या जणींना नेलंस. मग स्वतः का नाही गेलीस, मावशी?’

‘गेले असते तर बाईंनी त्याला नाव दिलं असतं,’ ती म्हणाली. ‘नाव नव्हतं तोवर ते माझं एकटीचं होतं.’

त्या दिवशी मी तिला जिना चढवला. सावकाश, दर चार पायऱ्यांवर थांबत. एक्स-रेमध्ये पाठीचे दोन मणके दबलेले दिसले. हाडं तपासली, ती विरळ झाली होती. डॉक्टरबाई आता सत्तरीच्या आहेत, त्यांना रागवायचा हक्क आहे, आणि त्या रागावल्या. म्हणाल्या, ‘चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ती कटकट जात नाही, हाडांची राखण जाते. तेव्हा आली असतीस तर पुढची पंधरा वर्षं हार्मोन्स देऊन सांभाळलं असतं. इतकी वर्षं माझ्यासमोर बसलीस आणि एकदाही स्वतःचं बोलली नाहीस.’ मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, ‘मीही कधी विचारलं नाही. तू बरोबर आलेली बाई होतीस ना. बरोबर आलेल्या बाईला कोण विचारतं?’

उपचार सुरू होऊन आठ महिने झाले. दुखणं पुष्कळ कमी आहे. नवीन मणका दबलेला नाही. गेलेली उंची परत येणार नाही, ते तिला स्पष्ट सांगितलंय. ट्रंक उचलायची नाही, ओणवं व्हायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. कपडेपटातून ट्रंक, ओणवं होणं आणि स्टूल वजा केलं तर उरतं काय? म्हणून हा निरोप. तिला जायचं नव्हतं. पत्रिकेतल्या ‘प्रकृती’ या एका शब्दामागे एवढं सगळं उभं आहे.

जाण्यापूर्वी तिने दोन गोष्टी केल्या. सुताराशी बोलणं सुरू केलं, आणि वहीत दोन नवे रकाने आखले. एक उंचीचा, दर वर्षी मोजायचा, पुरुषांचीसुद्धा. राजा स्वतः सांगतो त्यापेक्षा एक सेंटीमीटरने कमी भरला, तेव्हापासून तो रोज दूध पितो. दुसरा रकाना बायकांच्या पानांवर, पाळीचा. जिला सांगायचं तिने सांगावं, सक्ती नाही. गेल्या महिन्यात माझी चौदा वर्षांची मुलगी बालनाट्याच्या मापासाठी उभी होती. राजा तिथेच कोपऱ्यात चहा पीत बसला होता. मावशीने पान उघडलं आणि विचारलं. माझी मुलगी आवाज न उतरवता म्हणाली, ‘या वेळी बारा दिवस उशीर, मावशी. मागच्या वेळी वेळेवर होती.’ मावशीने लिहून घेतलं. मी राजाकडे बघितलं. त्याने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं, आणि तो त्याचं दुःख करत बसला. एवढंच घडलं. मला मात्र आमच्या तालमीतली ती तीस माणसं आठवली आणि मी उगाचच इस्त्री गरम आहे का ते बघायला गेले.

आता परवानगीचं. परवा मी मावशीला विचारलं, ‘भाषणात हे सगळं सांगू? तुझं छत्तिसावं वर्ष, मूल, सगळं?’ ती एका बाहीला शेवटचं काज करत होती. काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला. मला वाटलं, नाही म्हणणार.

म्हणाली, ‘सांग. पण स्त्रियांच्या समस्या वगैरे म्हणू नकोस, पाळी म्हण. आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे. डॉक्टरकडे जायला ज्यांना सवड मिळत नाही, त्या बायका तिथे बसतात.’

अध्यक्ष महोदय, पंधरा मिनिटं कधीच संपली, तुम्ही घड्याळ दाखवलं नाहीत, त्याबद्दल आभार. प्रमुख पाहुण्यांनी इतकं ऐकून घेतलं, त्यांचे आभार. तंत्रज्ञांचे, राजाचे, आणि ज्यांनी हा समारंभ घडवून आणला त्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, जीभ नको तिथे सैल सुटली असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. राग आला असेल तर माझ्यावर काढा, मावशीवर नको.

आणि कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारू नका, मी नटी आहे. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर डॉक्टरबाई अजून बसतात. सकाळी दहा ते एक. बरोबर कोणाला घेऊन गेलात, तर तिलाही आत बसवा आणि तिलाही विचारायला लावा. धन्यवाद.